दोष न विचारणारी करुणा : पंडिता रमाबाईंचे जीवन



१८९६ साली पावसाळा मध्येच थांबला आणि मध्य प्रांतात मोठा दुष्काळ पडला. जबलपूर, सागर, दमोह हा एरवी गव्हाचा मुलूख. पण त्याआधीची दोन-तीन वर्षे गव्हावर तांबेरा पडून पीक हातचे गेले होते. घरातील कणग्या रिकाम्या होत्या आणि सावकाराचे कर्ज मात्र वाढले होते. त्यात पावसाने पाठ फिरवली. हजारो माणसे घरदार सोडून खडी फोडायच्या आणि रस्ते बांधायच्या सरकारी कामांवर गेली. ज्यांच्या अंगात तेवढेही बळ उरले नव्हते, ती सरकारी आश्रयघरांच्या दारात येऊन पडली.

त्या दिवसांत पुण्याहून एक अडतीस वर्षांची विधवा या प्रांतात आली. अंगावर पांढरे पातळ, बांधा लहानखुरा, कानांनी कमी ऐकू येणारे. तिचे नाव पंडिता रमाबाई. दुष्काळी छावण्यांमधून फिरताना तिला भुकेहून भयंकर असे काही दिसले. आईबाप गमावलेल्या मुली आणि कोवळ्या वयाच्या विधवा तेथे कोणाच्याही हाती सापडत होत्या. मूठभर धान्याच्या आमिषाने त्यांना फसवणारी माणसे त्याच छावण्यांभोवती हिंडत होती. कित्येकींच्या बाबतीत जे होऊ नये ते होऊनही गेले होते. अशा मुलीकडे बघून लोक एकच शब्द उच्चारत आणि तोंड फिरवत. वाया गेलेली!

रमाबाईंनी तोंड फिरवले नाही. ही कोणाची, कोणत्या जातीची, हिच्याकडून काय घडले, याचा निवाडा करत त्या बसल्या नाहीत. त्यांनी त्या मुलींना गाडीत बसवले आणि आपल्याबरोबर नेले. एक-दोन नव्हे, काही शेकडा मुली मध्य प्रांतातून अशा वाचवल्या गेल्या.

दुसऱ्याचा दोष पाहायला आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. ती दृष्टी आपोआप येते. दोषाच्या पलीकडचे माणूस पाहायला मात्र शिकावे लागते. रमाबाई ते कोठे शिकल्या, हे समजून घेण्यासाठी त्यांचे जीवन मुळापासून पाहू या.

दोषारोपाच्या सावलीत वाढलेले घर

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान ब्राह्मण होते. त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकवले, एवढाच त्यांचा अपराध. स्त्रीला देववाणी शिकवणे हे पाप आहे असे त्यांच्यावर दोष ठेवणाऱ्यांचे म्हणणे होते. अनंतशास्त्र्यांना उडुपी येथे विद्वानांच्या सभेपुढे उभे राहून शास्त्रवचनांच्या आधारे आपली बाजू मांडावी लागली. पुढे त्यांनी पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यात आश्रम थाटला आणि तेथे विद्यार्थी शिकवले. त्याच अरण्यात २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. आईने पहाटेच्या वेळी लेकीला जवळ घेऊन संस्कृत शिकवले. रमा लहान वयातच भागवतातील हजारो श्लोक मुखोद्गत म्हणू लागली.

अतिथी आणि यात्रेकरू यांच्या सेवेत घरची सारी संपत्ती संपली. कुटुंब तीर्थक्षेत्रांमधून पायी फिरू लागले. पुराण सांगावे, मिळेल ते खावे, असे दिवस होते. मग दक्षिणेत दुष्काळ पडला. श्रमाचे काम कधी केलेले नव्हते आणि भीक मागण्याची लाज वाटत होती. झाडपाला खाऊन दिवस काढण्याची पाळी आली. वडील गेले. काही आठवड्यांतच आईही मरणाच्या दारी पोचली. आईसाठी काही मागून आणावे म्हणून रमा शेजारच्या एका घरी गेली, पण तिच्या तोंडून शब्द फुटेना. त्या घरच्या बाईने तिची दशा पाहून बाजरीच्या भाकरीचा तुकडा तिच्या हाती ठेवला. आईला तो गिळवला नाही. आई गेली तेव्हा तिरडी उचलायला चार माणसे मिळेनात. दोघे पुढे आले, तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथी रमा. उंची कमी असल्यामुळे तिने आपल्या बाजूचा भार डोक्यावर घेतला. पुढे थोरली बहीणही गेली.

या आठवणी रमाबाई कधी विसरल्या नाहीत. भुकेल्या माणसाच्या तोंडून शब्द का फुटत नाही, हे त्यांना पुस्तकातून कळलेले नव्हते.

मान मिळाला आणि आधार गेला

बहीण-भाऊ हजारो मैल पायी फिरले आणि १८७८ साली कोलकात्यात पोचले. तेथील पंडितांनी या तरुण मुलीच्या विद्वत्तेची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. तेथेच ब्राह्मो समाजाचे नेते केशवचंद्र सेन यांच्या सांगण्यावरून त्यांनी धर्मशास्त्रांचा अधिक अभ्यास केला. या ग्रंथांची आपसांत पुष्कळ बाबतीत मते वेगळी आहेत, पण स्त्रीजात मुळातच हीन आहे याविषयी त्यांचे एकमत आहे, असे त्यांना दिसले. जिला पंडित मंडळी डोक्यावर घेत होती, तिच्याच जातीवर जन्मापूर्वी निकाल देऊन झालेला होता. हा सल त्यांच्या मनात राहिला.

१८८० साली भाऊ श्रीनिवास गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात वेगळी, प्रांत वेगळा. समाजाने या दांपत्याला दूर ठेवले. १८८१ मध्ये कन्या मनोरमा जन्मली. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १८८२ मध्ये, पटकीने पतीचा बळी घेतला. वयाची चोविशी पुरी होण्याआधी रमाबाई विधवा झाल्या. मांडीवर तान्ही मुलगी, आणि मागे आई नाही, बाप नाही, भाऊ नाही.

त्या पुण्याला आल्या. तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी हंटर आयोगापुढे साक्ष दिली. स्त्रियांना शिकवण्यासाठी स्त्री शिक्षिका हव्यात आणि स्त्रियांवर उपचार करण्यासाठी स्त्री डॉक्टर हव्यात, ही त्यांची मागणी होती. आपण स्वतःच वैद्यकी शिकावी म्हणून १८८३ मध्ये त्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. कानांच्या दोषामुळे तो मार्ग बंद झाला. पण त्यांच्यासाठी दुसरे काही वाट पाहत होते.

लंडनमधले एक घर

इंग्लंडमध्ये वाँटेज येथील सेंट मेरी धर्मभगिनींनी त्यांना आश्रय दिला. या भगिनींचे लंडनच्या फुलहॅम भागात एक घर होते. समाजाने ज्यांना पतित ठरवले अशा स्त्रियांसाठी ते चालवले जात असे. रमाबाईंना ते दाखवायला नेले.

तेथे जे दिसले ते पाहून त्या थक्क झाल्या. एके काळी ज्यांच्या सावलीलाही लोक घाबरत, अशा स्त्रिया तेथे आजाऱ्यांची सेवा करत होत्या. धर्मभगिनी त्यांच्याशी घरच्या माणसासारखे बोलत होत्या. कोणी त्यांना जुन्या नावाने ओळखत नव्हते. असा दयाभाव रमाबाईंनी पूर्वी पाहिलेला नव्हता. अशा स्त्रीला दूर लोटणे हाच धर्म, असेच त्यांच्या कानावर आलेले होते. या भगिनी असे का वागतात, असे त्यांनी आपल्याला शिकवणाऱ्या भगिनीला विचारले. तिने वाद घातला नाही. योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची गोष्ट तिने रमाबाईंना वाचून दाखवली.

ही गोष्ट आपल्या परिचयाची आहे. भर दुपारी एक स्त्री याकोबाच्या विहिरीवर एकटी येते. पाच नवरे झालेले आणि आता ज्याच्याबरोबर राहते तो तिचा नवरा नाही. यहुदी माणूस शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नसे. तरी विहिरीच्या काठावर बसलेला येशू तिच्याशी बोलतो. आणि बोलायला सुरुवात कशी करतो? तिच्याकडे पिण्यास पाणी मागून.

येथे क्षणभर थांबून विचार करू या. प्रभूला तिचे सगळे माहीत होते आणि पुढे त्याने ते तिला सांगितलेही. पण त्याने तिच्या दोषापासून सुरुवात केली नाही. त्याने तिच्याजवळ काही मागितले. जिच्याकडून कोणी काही घेत नव्हते, तिला त्याने प्रथम देणारी केले. न्यायासनावर बसलेला माणूस खालच्या माणसाकडे पाणी मागत नाही. विहिरीच्या काठावर धुळीत बसलेलाच मागू शकतो. त्या एका मागण्याने ती स्त्री उभी राहिली, गावात धावत गेली, आणि गाव तिच्यामागे प्रभूकडे आले.

ही गोष्ट ऐकून रमाबाईंच्या मनात काहीतरी हलले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या श्रद्धेची वाट पुढे बरीच लांब होती, शंकाही पुष्कळ होत्या. पण सुरुवात एखाद्या सिद्धांताने झाली नाही. टाकून दिलेल्या स्त्रियांशी कोणी प्रेमाने वागताना त्यांनी डोळ्यांनी पाहिले, तेथून ती झाली.

दोन्ही बाजूंचे निवाडे

बाप्तिस्म्याची बातमी महाराष्ट्रात पोचली आणि टीकेची झोड उठली. ज्यांनी काल गौरव केला होता त्यांनी आज धर्मद्रोहाचा शिक्का मारला. सगळेच मात्र तसे नव्हते. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये आपल्या सत्सार या पुस्तिकेतून रमाबाईंची बाजू घेतली. स्वतः ख्रिस्ती नसलेल्या माणसाने त्या वेळी त्यांना समजून घेतले, हे आपण विसरू नये.

आणि ख्रिस्ती मंडळी? तेथेही निवाडे होतेच. रमाबाई प्रश्न विचारत. मंडळीचे अधिकारी सांगतात म्हणून एखादी गोष्ट मानायला त्या तयार नसत. आपला शाकाहार आणि आपली भारतीय राहणी त्यांनी इंग्लंडमध्येही सोडली नाही. ज्यांनी मायेने आश्रय दिला त्यांच्यातील काहींना हा अहंकार वाटला. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात त्या शिकत आणि शिकवत असताना, त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही यावर बिशपांनी हरकत घेतली. एका बाजूला त्या धर्म सोडणाऱ्या ठरल्या आणि दुसऱ्या बाजूला आज्ञा न पाळणाऱ्या.

ज्याच्यावर असे सगळीकडून दोष येतात त्याच्यापुढे दोन वाटा असतात. मन कडू करून घ्यावे आणि आपणही दुसऱ्यांचे दोष मोजत बसावे, ही एक. आपल्याला जे लागले ते दुसऱ्याला लागू नये म्हणून झटावे, ही दुसरी. रमाबाई परखड होत्या, वादात उत्तर देत, कधी कठोरही लिहीत. पण आपला दिवस त्यांनी वादात घालवला नाही. त्या दुसऱ्या वाटेने गेल्या.

शारदा सदन

१८८६ मध्ये रमाबाई अमेरिकेला गेल्या. निमित्त होते डॉक्टर आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाचे. तेथे त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. ते १८८७ मध्ये प्रसिद्ध झाले. गावोगाव व्याख्याने दिली. बोस्टनमध्ये त्यांच्या कार्यासाठी मंडळ स्थापन झाले आणि त्याने दहा वर्षे मदत देण्याचे कबूल केले.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. विधवांना शिकवून स्वतःच्या पायावर उभे करणारी ही शाळा होती. पुढच्या वर्षी ती पुण्याला हलवण्यात आली. पहिल्या विद्यार्थिनींमध्ये गोदूबाई नावाची एक तरुण विधवा होती. त्याच पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे सर्वांच्या बाया कर्वे झाल्या. महर्षी कर्व्यांच्या विधवांसाठीच्या महान कार्याचा एक धागा असा शारदा सदनापर्यंत जातो.

शाळेत धर्माची सक्ती नव्हती. हिंदू मुलींना आपले आचार पाळण्याची मोकळीक होती. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करत आणि दार उघडे असे. काही मुली आपणहून तेथे येऊन बसू लागल्या. यावरून १८९३ मध्ये पुण्यात वादळ उठले. केसरीने कडक टीका केली. सल्लागार मंडळातून न्यायमूर्ती रानडे आणि डॉक्टर भांडारकर यांच्यासारखी माणसे बाहेर पडली. अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या.

बंधू-भगिनींनो, हा प्रसंग सांगताना एक सावधगिरी घेऊ या. दुसऱ्यांचा निवाडा करू नये असे म्हणत म्हणत आपण त्या काळच्या पुणेकरांचाच निवाडा करून बसू, हे सोपे आहे. रानडे आणि भांडारकर हे स्त्रियांचे हितचिंतकच होते. आपली मुलगी आपल्यापासून दूर जाईल, ही पालकांची भीतीही खरी होती. पुढे रमाबाईंच्या सहवासात अनेक मुली ख्रिस्ती झाल्या, हेही सत्य आहे. करुणा करायची ती केवळ टाकून दिलेल्यांवरच नव्हे. आपल्याला दोष देणाऱ्याच्या मनात कोणती भीती आहे, हे समजून घेणे हाही करुणेचाच भाग आहे.

रमाबाईंनी शाळा बंद केली नाही. उरलेल्या मुलींना घेऊन त्या काम करत राहिल्या.

केडगावचे माळरान

आता आपण पुन्हा मध्य प्रांताच्या दुष्काळाकडे येऊ. रमाबाईंनी तेथून शेकडो मुली आणल्या खऱ्या, पण त्या ठेवायच्या कोठे? १८९७ च्या सुरुवातीला पुण्यात प्लेग आला होता आणि शहरात एवढी माणसे एकत्र ठेवता येत नव्हती. पुण्याहून जाणाऱ्या आगगाडीच्या मार्गावर, दौंडच्या अलीकडे केडगाव येथे रमाबाईंनी आधीच जमीन घेतलेली होती. त्या माळरानावर झोपड्या उभारल्या आणि मुली तेथे नेल्या. या वसाहतीला त्यांनी मुक्ती हे नाव दिले.

या मुली कशा होत्या? दुष्काळातून वाचलेले मूल लगेच शहाणे आणि कृतज्ञ होते, असे आपल्याला वाटते. तसे होत नाही. त्यांच्या अंगात रोग होते, केसांत उवा होत्या. पोट भरले तरी मिळेल ते खाणे लपवून ठेवण्याची त्यांना सवय लागली होती. भांडणे, खोटे बोलणे, चोरी, पळून जाणे, सगळे होते. या मुली सुधारणार नाहीत असे म्हणणे सहज शक्य होते.

रमाबाईंनी शारदा सदनातील जुन्या मुलींच्या हाती या नव्या मुली सोपवल्या. एकेका मोठ्या मुलीने काही लहान मुलींना न्हाऊ घालायचे, खाऊ घालायचे, अक्षर शिकवायचे. काल जी विधवा घरादाराला ओझे वाटत होती, ती आज दुसऱ्याची आई झाली. विहिरीवरचा धडा येथे कामाला आला होता. जिला सावरायचे आहे, तिच्याच हाती कोणाला तरी सावरायचे काम द्यावे.

काही वर्षांतच गुजरात आणि राजस्थानात दुष्काळ पडला आणि तेथूनही मुली आल्या. १९०० च्या सुमारास मुक्तीत दोन हजारांच्या आसपास जिवांचा संसार चालू होता. शेती, गाईगुरे, तेलाचा घाणा, विणकाम, धोबीकाम, छापखाना, सारे स्त्रिया आणि मुली चालवत. अंध मुलींसाठी बार्तिमी सदन आणि वृद्धांसाठी प्रीती सदन झाले. मनोरमा परदेशात शिकत असताना ब्रेल लिपी शिकून आली आणि ती अंध मुलींना वाचायला शिकवू लागली.

कृपा सदन

याच केडगावात एक घर उभे राहिले, त्याचे नाव कृपा सदन. ज्यांना फसवण्यात आले होते, ज्यांचा बाजार मांडला गेला होता, ज्यांना गर्भ राहिल्यामुळे घरच्यांनी हाकलले होते, अशा स्त्रियांसाठी ते घर होते. फुलहॅमला पाहिलेले रमाबाईंनी महाराष्ट्राच्या मातीत उभे केले.

नावाकडे पाहा. पतितांचे घर असे नाव त्यांनी दिले नाही. दारावर दोषाचे नाव असते, तर आत येणाऱ्या प्रत्येकीच्या कपाळावर ते लागले असते. दारावर देवाच्या कृपेचे नाव होते.

तेथे शिस्त नव्हती असे नाही. काम होते, शिकणे होते, प्रार्थना होती. करुणा म्हणजे चुकीला बरोबर म्हणणे असे कोणी समजू नये. प्रभू येशूने व्यभिचारात धरलेल्या स्त्रीला दगडांपासून वाचवले, आणि पुन्हा पापाकडे वळू नकोस असेही सांगितले. पण क्रम पाहा. आधी दगड खाली पडले, मग उपदेश आला. हातात दगड धरून केलेला उपदेश कोणाच्याही अंतःकरणात शिरत नाही. मुक्तीतही क्रम हाच होता. आधी अन्न, अंगाला स्वच्छ वस्त्र, डोक्यावर छप्पर, हाताला काम आणि प्रेमाने मारलेली हाक. मनातल्या जखमेविषयी बोलणे पुढे, जेव्हा ती स्वतः बोलू लागेल तेव्हा.

दुष्काळी छावणीतील मुलीला लोक वाया गेलेली म्हणत, तेव्हा फसवणारा माणूस मात्र लोकांत उजळ माथ्याने फिरत असे. बोटे दाखवण्याची घाई झाली की असेच होते. जो दुर्बळ आणि समोर आहे, त्याच्याच पदरी दोष पडतो. जो बलवान आहे, तो निसटतो. करुणेला असे डोळे झाकून चालत नाही. रमाबाईंनी छावण्यांमधील अत्याचारांविषयी उघडपणे लिहिले आणि अधिकाऱ्यांच्या ढिलाईवरही बोट ठेवले. ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या बाजूने उभे राहणे आणि त्याचा दोष न मोजणे, या दोन्ही गोष्टी त्यांच्यात एकत्र नांदत होत्या.

शेवटची वर्षे

आयुष्याच्या उत्तरार्धात रमाबाईंनी एक मोठे काम हाती घेतले. सामान्य, कमी शिकलेल्या स्त्रीला वाचता यावे अशा सोप्या मराठीत पवित्र शास्त्राचे भाषांतर करायचे. त्यासाठी त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. छपाईचे काम मुक्तीच्या छापखान्यात तेथल्याच स्त्रियांनी केले. ज्यांना एके काळी कोणी अक्षर शिकवले नव्हते, त्यांचे हात आता देवाच्या वचनाचे खिळे जुळवत होते.

१९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. पण जुलै १९२१ मध्ये त्यांच्यावर शेवटचा आघात झाला. चाळीस वर्षांची मनोरमा, त्यांची एकुलती एक मुलगी आणि उजवा हात, त्यांच्याआधी देवाघरी गेली. रमाबाईंनी भाषांतराचे काम चालू ठेवले. ते हातावेगळे करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी केडगाव येथे देह ठेवला. पूर्ण पवित्र शास्त्र १९२४ मध्ये छापून बाहेर पडले. मुक्ती मिशनचे काम केडगावला आजही चालू आहे.

आपल्यासाठी

आपल्यापैकी फार थोड्यांना दोन हजार जिवांचे घर चालवायचे आहे. पण प्रत्येकाच्या आसपास कोणी तरी असते, ज्याच्याविषयी निकाल लागून गेलेला आहे. नवऱ्याला सोडून माहेरी परत आलेली बहीण. दारूच्या आहारी गेलेला पुतण्या. तुरुंगातून सुटून आलेला शेजारी. दुसऱ्या धर्मात लग्न करून गेलेली मुलगी, जिचे नाव घरात कोणी काढत नाही. मंडळीत येऊन मागच्या बाकावर बसणारी आणि प्रार्थना संपताच निघून जाणारी बाई, जिच्याविषयी सगळ्यांना सगळे माहीत आहे असे सगळ्यांना वाटते.

अशा माणसापाशी जाताना रमाबाईंच्या जीवनातील तीन गोष्टी मनात ठेवू या.

पहिली गोष्ट, आधी गरज पाहावी. ती व्यक्ती जेवली आहे का, झोपायला जागा आहे का, औषधाला पैसे आहेत का. मागचे विचारायची घाई नको. भुकेल्याच्या तोंडून शब्द फुटत नाही.

दुसरी गोष्ट, त्या व्यक्तीकडे काही मागावे. शोमरोनी स्त्रीकडे प्रभूने पाणी मागितले. आपण एखादी मदत मागू या, एखादे काम विश्वासाने सोपवू या. सतत घेणाऱ्या माणसाची मान खाली राहते. दिल्याने ती वर येते.

तिसरी गोष्ट, नाव बदलावे. लोकांनी दोषावरून ठेवलेले नाव आपल्या तोंडी येऊ देऊ नये, तिच्या पाठीमागेही नाही. ताई, काकू, भाऊ, बाळा अशी आपल्या नात्यांची नावे पुष्कळ आहेत. त्यातले एक द्यावे.

हे सोपे नाही. ज्याने आपलाच विश्वास मोडला आहे, त्याच्याविषयी तर हे फारच कठीण आहे. तेथे दार उघडे ठेवूनही सावध राहावे लागते आणि दुर्बळाचे रक्षण आधी करावे लागते. मुक्तीतूनही काही जणी पळून गेल्या, काहींनी दगा दिला. तरी कृपा सदनाचे दार त्यांच्यामुळे पुढच्या स्त्रीसाठी बंद झाले नाही.

शेवटी प्रत्येकाचा न्याय करणारा देवच आहे आणि तो काम त्याच्याकडे सोपवल्याने आपले हात मोकळे होतात. त्या मोकळ्या हातांनी कोणाला तरी भाकरीचा तुकडा देता येतो, कोणाचा हात धरता येतो. दयाळू प्रभू आपणा सर्वांना तशी दृष्टी आणि तसे हात देवो. आमेन.